कोणाचीही मदत न घेता

माझा मेहुणा कोणाचीही मदत न घेता मोठा झाला. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण ते वाक्य मीच लिहिलंय, मराठीतही आणि इंग्रजीतही.

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. बहरीनमध्ये गुदैबियात त्याची लाँड्री आहे. आम्ही सगळे मूळचे सातारा जिल्ह्यातले, त्यामुळे तो मला ‘दाजी’ म्हणतो आणि मी त्याला ‘पाव्हणं’ म्हणतो. मान दोघंही पुरेपूर देतो आणि मान देऊन झाला की मनात येईल ते बोलतो. मी इथल्याच सीफ भागातल्या एका विमा कंपनीत आहे. लोकांच्या गाड्यांना आलेले पोचे एसीत बसून कागदावर उतरवायचे, हे माझं काम. मेहुण्याच्या मते हे काम नव्हेच. ज्यात घाम येत नाही त्याला तो काम म्हणत नाही, पगार म्हणतो. माझ्या घरी शुक्रवारी मटण खाताना हे तो मला न चुकता ऐकवतो आणि दुसऱ्यांदा रस्सा मागतो.

इथल्या मराठी मंडळाची स्मरणिका मी सहा वर्षं काढतोय. संपादक होण्यासाठी माझी काही विशेष पात्रता नव्हती. सभेत विचारलं तेव्हा बाकीचे सगळे खाली बघत होते आणि मी समोर बघत होतो, एवढंच. ही स्मरणिका कोणी वाचत नाही. हातात पडली की माणूस आपला फोटो असलेलं पान काढतो, तोंड काळं आलंय का बघतो, बायकोला दाखवतो आणि मिटतो. जाहिरात देणारे किराणावाले आणि दातांचे डॉक्टर जाहिरात बघतात. मधला मजकूर मी लिहितो आणि तो छापून आला हे मला माहीत असतं.

यंदा कमिटीने दोन नवीन गोष्टी ठरवल्या. एक म्हणजे दरवर्षी ‘स्वकष्टातून उभा राहिलेला उद्योजक’ असा एक सत्कार करायचा. दुसरी म्हणजे त्या सत्कारमूर्तीची मुलाखत इंग्रजीतही छापायची, कारण आपल्या पोरांना मराठी कळते पण वाचता येत नाही. पहिला सत्कार कोणाचा, यावर फारशी चर्चा झाली नाही. अध्यक्षांचे सूट गेली तीन वर्षं मेहुण्याकडे फुकट इस्त्रीला येतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं माझं म्हणणं नाही, मी फक्त शेजारी शेजारी ठेवतोय.

त्या दिवसांत मेहुण्याचं सगळं लक्ष एका मशीनवर होतं. ओली चादर एका बाजूने घालायची, दुसऱ्या बाजूने ती वाळून, इस्त्री होऊन, घडी घालून बाहेर येते, असं ते मशीन. जुफैरमधलं एक नवीन हॉटेल आपल्या सगळ्या चादरी त्याला द्यायला तयार होतं, पण थंडीचा सीझन सुरू होण्याआधी मशीन बसलं तरच. नाहीतर चादरी दुसरीकडे जाणार होत्या. मशीन त्याच्या एकट्याच्या आवाक्याबाहेरचं. इथे धंद्याला मदत करणारा एक सरकारी निधी आहे, तो अर्धा भार उचलतो. तिथे त्याचा अर्ज पडून होता. अर्ज मंजूर झाला तर मशीन, मशीन आलं तर हॉटेल, आणि नाही आलं तर पुन्हा शेजाऱ्यांचे शर्ट, असा साधा हिशेब होता. शुक्रवारच्या मटणावरही तेव्हा त्याचं मन लागत नसे, फक्त हात लागत असे.

मुलाखत घ्यायला मी लाँड्रीत गेलो. आत वाफ, बाहेर ऊन, त्यामुळे निवड अशी काही नव्हती. धुण्याच्या मोठ्या मशीनवर गणपतीचं कॅलेंडर टांगलेलं होतं. मशीनवर कॅलेंडर कशाला म्हणून मी ते उचलून बघितलं, तर खाली त्या सरकारी निधीचं स्टिकर. ‘या निधीच्या साहाय्याने’ वगैरे अरबीत आणि इंग्रजीत लिहिलेलं. मदत घेतली की ते स्टिकर लावावंच लागतं, असा नियम आहे. मी मेहुण्याकडे बघितलं.

तो म्हणाला, “गिऱ्हाईक बघतंय, दाजी. सरकारच्या पैशावर चाललंय असं वाटंल.”

मग तो खुर्चीत ताठ बसला आणि सांगू लागला. खिशात काही नव्हतं, ओळख नव्हती, भाषा येत नव्हती, एकट्याच्या जिवावर सगळं उभं केलं, कुणाची एका फिल्सची, म्हणजे इथल्या एका पैशाची, मदत घेतली नाही. हे सांगताना तो माझ्या नजरेला नजर देत होता, याचं मला खरंच कौतुक वाटलं. कारण तो ज्याला हे सांगत होता त्याच्या घरात तो दोन वर्षं राहिला होता.

झालं होतं असं. तो इकडे आला तो एका साफसफाईच्या कंपनीची व्हॅन चालवायला. ती नोकरी गेली तेव्हा तो आठ दिवसांसाठी म्हणून आमच्या गुदैबियाच्या फ्लॅटवर आला. आमच्या जेवणाच्या टेबलावर जुनी गोधडी पसरून माझी बायको बिल्डिंगमधल्या लोकांचे कपडे इस्त्री करायला लागली आणि हा ते पोचवायला लागला. बिल्डिंगचे मालक एक म्हातारे बहरीनी गृहस्थ, त्यांना सगळे हाजी म्हणतात. त्यांचा गुत्रा, म्हणजे डोक्यावरचं ते पांढरं फडकं, एकदा इस्त्रीला आला. मेहुण्याने तो रुमालासारखा सपाट करून परत केला. दुसऱ्या दिवशी हाजींची बायको तो हातात धरून वर आली. आम्हाला वाटलं, भांडायला आली. तिने माझ्या बायकोला स्वयंपाकघरात नेलं आणि खळ किती दाट लागते, कपाळावरची ती घडी उभी कशी राहते, हे करून दाखवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. महिनाभर दोघी गुत्रे इस्त्री करत होत्या. बायको शिकली, तिने भावाला शिकवलं, आणि मग आजूबाजूच्या गल्ल्यांतून गुत्रे यायला लागले.

हाजींनी खालचा रिकामा गाळा दिला आणि भागीदार झाले. भागीदार बहरीनी म्हटल्यावर सरकारी निधीचं दार उघडलं. निधीने एकदा मशीनला मदत केली. एकदा काउंटरवरच्या बहरीनी मुलीचा अर्धा पगार भरला. आणि एकदा मेहुण्याला धंदा कसा चालवावा याच्या तीन महिन्यांच्या कोर्सला बसवलं. तो कोर्स त्याने एकही दिवस न चुकवता केला, कारण दुपारचं जेवण चांगलं होतं.

हे सगळं मला माहीत होतं, म्हणून मी वही खाली ठेवून विचारलं, मग निधीचं काय?

“ती मदत न्हाय, दाजी. ती योजना हाय.”

आणि हाजी? ते पार्टनर. काउंटरवरची मुलगी? तिला पगार आहे. मी? तुम्ही घरचे. आणि तुमची आक्का, म्हणजे माझी बायको? यावर तो जरा चिडला. बाईमाणसाचं नाव कशाला छापायचं, घरच्यांनी केलं तर त्यात काय एवढं, असं म्हणाला. अशा रीतीने एकेकाला वजा करत गेल्यावर खरोखरच कोणी उरलं नाही. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, त्याने फक्त वजाबाकी फार मन लावून केली होती.

तरी मी ‘घरच्यांच्या साथीने’ असे दोन शब्द घातले. मजकूर दाखवायला नेला तर त्याने ते पेनाने खोडले. म्हणाला, जोर कमी होतोय.

प्रुफं आमच्याच जेवणाच्या टेबलावर तपासली जात होती, त्याच टेबलावर जिथे गोधडी पसरली जायची. बायकोने ते पान वाचलं. ‘कोणाचीही मदत न घेता’ इथे ती थांबली. मला वाटलं, आता ही भावाला फोन करणार. तिने एक चुकलेली वेलांटी दुरुस्त केली आणि पान उलटलं. त्या वेलांटीने माझं डोकं फिरलं. ती ओरडली असती तर मी तिची समजूत काढली असती आणि विषय संपला असता. ती गप्प राहिली, आणि इंग्रजी अनुवाद अजून व्हायचा होता.

मी इथे कबूल करतो की अनुवाद मी रागाने केला. मराठीतलं वाक्य एका फिल्सवर थांबत होतं. इंग्रजीत मी ते पुढे नेलं. कोणत्याही व्यक्तीची, संस्थेची वा सरकारची मदत न घेता, असं स्वच्छ लिहिलं. व्यक्ती, संस्था आणि सरकार ही तिन्ही माझी भर होती. स्वतःला मी सांगितलं की अनुवाद परिपूर्ण हवा. मेहुणा इंग्रजी पान वाचणार नव्हता, आणि दुसरंही कोणी वाचणार नव्हतं. सहा वर्षांचा अनुभव माझ्या बाजूने होता.

पण मेहुण्याच्या डोक्यात एक कल्पना आली. आपला सत्कार त्या निधीच्या साहेबांनी डोळ्यांनी बघितला तर अर्जाला बळ येईल, असं त्याला वाटलं. त्याने हाजींना मध्ये घालून साहेबांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. साहेब आले. तरुण, शांत, वेळेवर. शेवटच्या गोष्टीमुळे आमची पंचाईत झाली, कारण हॉलमध्ये तेव्हा फक्त माइकवाला होता.

शाल आणि नारळ देऊन दोघांचाही सत्कार झाला. साहेबांना नारळाचं काय करायचं ते कळेना. त्यांनी तो दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवला. मेहुण्याचं भाषण सुरू झालं. मराठीत, जोरात, मुठी वळून. एकटा, एकट्याने, एकट्याच्या जिवावर, हे इतक्या वेळा आलं की मागच्या रांगेतल्या बायका हसायला लागल्या. लोकांनी टाळ्याही खूप वाजवल्या. साहेबांना एक अक्षर कळत नव्हतं. समोर छोले-भटुऱ्यांचा वास सुटलेला, भाषण संपायची लक्षणं नाहीत. तेव्हा त्या माणसाने मंडळाच्या इतिहासात आजवर कोणीही केलं नव्हतं ते केलं. नारळ पायाशी ठेवला, स्मरणिका उघडली आणि वाचायला लागला.

मी स्टेजच्या कडेला उभा होतो. त्यांनी इंग्रजी पान एकदा वाचलं, मागे गेले, पुन्हा वाचलं. मग खिशातून फोन काढून पानाचा फोटो घेतला. मेहुण्याने हे बघितलं आणि स्टेजवरून मला खूण केली की बघा, काम झालं.

आठवड्याभराने पत्र आलं. ते घेऊन मेहुणा थेट माझ्याकडे आला. आपण प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार आपण कोणत्याही सरकारी मदतीशिवाय व्यवसाय उभारला आहे, तरी आपल्या अर्जाबाबत खुलासा करावा, तोपर्यंत अर्ज स्थगित, असा मजकूर होता. मी तो मराठीत सांगितला. तो खुर्चीत बसला. हॉटेलवाल्यांचा फोन आदल्याच दिवशी येऊन गेला होता. ‘सरकारची’ हा शब्द कुठून आला, असं त्याने विचारलं. अनुवादात कधीकधी येतो, असं मी म्हणालो. मला लाज वाटली. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं आणि त्याची जास्त लाज वाटली. बायको स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघत होती. तिला इंग्रजी माझ्याइतकंच येतं.

निधीच्या ऑफिसात आम्ही तिघं गेलो, मेहुणा, हाजी आणि दुभाषी म्हणून मी. साहेबांनी कॉफी दिली. समोर एका बाजूला आमची फाइल आणि दुसऱ्या बाजूला स्मरणिका ठेवलेली. स्मरणिकेला इतका मान कधी मिळाला नव्हता. मेहुणा हिंदीत म्हणाला की साहेब, ते फंक्शनमधलं बोलणं आहे, ते मनावर घ्यायचं नसतं. मी ते इंग्रजीत केलं आणि आपलं पदरचं जोडलं की आमच्याकडे सत्काराला उभं राहिलं की असं बोलण्याची पद्धत आहे. साहेबांनी विचारलं, म्हणजे ज्याचा गौरव होतो त्याने आपल्याला कोणी मदत केली नाही असं जाहीर करायचं? मी हो म्हणालो. तोंडातून बाहेर पडल्यावर ते मलाही विचित्र वाटलं. साहेब म्हणाले की आमच्याकडे माणूस आधी अल्लाचे, मग राजाचे, मग आईबापांचे आणि मग सगळ्या काका-मामांचे आभार मानतो, तोवर वेळ संपतो आणि स्वतःबद्दल बोलायचं राहून जातं. हाजी मोठ्याने हसले.

मग साहेब हसायचे थांबले.

“आमच्या फाइलमध्ये तुम्ही तीनदा मदत घेतली आहे. तुमच्या पुस्तकात एकदाही नाही. यातलं खरं कोणतं, ते तुम्हीच लिहून द्या. पहिल्या दिवसापासून कोणी कोणी मदत केली, सगळ्यांची नावं, खाली सही. रविवारपर्यंत.”

लिफ्टमध्ये हाजी मेहुण्याला म्हणाले की त्यांची बायको रोज विचारते, पुस्तकात खळीचं काही आलंय का. त्यांनी तिला इंशाल्ला, पुढच्या वर्षी, असं सांगून ठेवलं होतं. मेहुण्याने खाली बघून मान हलवली.

यादी आमच्या जेवणाच्या टेबलावर लिहिली गेली. मेहुणा सांगत होता, मी लिहीत होतो. आधी त्याने निधीची तीन कलमं सांगितली आणि खलास म्हणून पेनाला टोपण लावायला सांगितलं. मी लावलं नाही. मग हाजी आले. हाजी आले तशी त्यांची बायको आली. मग व्हॅनच्या कंपनीतला मल्याळी सुपरवायझर, जो याची नोकरी गेल्यावरही सुट्टीच्या दिवशी कपडे पोचवायला व्हॅनची किल्ली देऊन गुपचूप दुसरीकडे बघायचा. मग कोपऱ्यावरचा किराणावाला, ज्याने ‘इस्त्री करून मिळेल’ ही पहिली चिठ्ठी आपल्या काचेवर चिकटवू दिली. मग काउंटरवरची मुलगी. या योजना असतात हे मुळात तिनेच सांगितलं होतं आणि तिन्ही अर्ज तिनेच भरले होते, हे मलाही तेव्हाच कळलं. पान उलटावं लागलं. आता मेहुण्याला रंग चढला. अंगठ्याने बोटं मोजत तो म्हणाला की एवढी माणसं जोडायची म्हणजे खायचं काम नाही, दुसऱ्या कुणाला जमलं असतं का. मदत घेण्यातही तो आता स्वकष्टाने पहिला आला होता.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. कप ठेवताना तिने टेबलावरचा इस्त्रीचा जुना डाग नेहमीप्रमाणे कपाने झाकला. मेहुण्याने तो कप उचलला आणि पुन्हा ठेवला नाही. डागाकडे बघत राहिला.

“दाजी, नवं पान घ्या. आक्काचं नाव पयलं लिवा.”

असं कोणी बोललं की टिंगल करता येत नाही, म्हणून मला जरा रागच आला. बायको म्हणाली की टेबल रिकामं होतं म्हणून इस्त्री केली, त्यात काय लिहायचंय. पण ती आत गेली नाही. पहिल्या ओळीत तिचं नाव पूर्ण होईपर्यंत ती माझ्या खांद्यामागे उभी होती.

यादी गेली, अर्ज सुटला, मशीन थंडीच्या आधी आलं. हॉटेलच्या चादरींचा पहिला ट्रक आला तो शुक्रवार होता. आम्ही सगळे बघायला गेलो. नव्या मशीनवरही तेच स्टिकर होतं. मेहुण्याने सवयीने कॅलेंडर हातात घेतलं, दोन क्षण धरलं आणि भिंतीवर खिळा शोधायला गेला. मला फार समाधान वाटलं. माणूस सुधारतो, आणि त्याला सुधारणारा माणूस घरातच असतो, असलं काहीतरी माझ्या मनात चाललं होतं.

दुपारी घरी मटणाच्या ताटावर मी ते समाधान बोलूनही दाखवलं. म्हणालो, पाव्हणं, पुढच्या स्मरणिकेत आपण शुद्धिपत्र छापू. खरं काय ते लोकांना कळू दे. ज्याचं श्रेय त्याला मिळालंच पाहिजे. हे वाक्य मी जरा आवाज लावून म्हटलं असेन.

बायकोने मेहुण्याच्या ताटात रस्सा वाढला. मग ती उठली, कपाटावरची स्मरणिका घेऊन आली आणि शेवटचं पान उघडून माझ्या ताटाशेजारी ठेवलं. तिथे खाली बारीक अक्षरांत छापलंय: संपादन, मुलाखती, अनुवाद, टंकलेखन, मुद्रितशोधन, जाहिराती. आणि पुढे एकच नाव, माझं. सहाही वर्षं तेच. मी सोफ्यावर पाय वर घेऊन सांगतो आणि ती फोनवर टाइप करते. प्रुफं ती तपासते. गुदैबियातल्या किराणावाल्यांकडे जाहिरातीसाठी तीन-तीन खेपा ती घालते, कारण मला मागायला बरं वाटत नाही.

“शुद्धिपत्रात हे बी घालायचं का, न्हाय?” तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. माझ्या मनात खूप काही होतं, मी संपादक आहे, माझ्याकडे शब्दांची कमी नाही. पण बाहेर आलं ते एवढंच की अगं, तू तर घरचीच.

मेहुणा चावायचा थांबला. त्याने हात धुतला, पुसला, माझ्या खिशातलं पेन काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

“लिवा, दाजी,” तो म्हणाला. “पयल्या दिवसापासनं.”